विश्लेषण : न चाललेल्या प्रयोगातून ट्रान्झिस्टर कसा जन्मला? जॉन बार्डीन यांची पद्धत जुन्या ॲम्प्लिफायरच्या दुरुस्तीत कशी उपयोगी पडते?

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांत भजनी मंडळाच्या खोलीत, मंदिराच्या कपाटात किंवा मंडपवाल्याच्या गोदामात एखादा जुना ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर अजून पडून असतो. गणपती, नवरात्र जवळ आले की तो बाहेर निघतो आणि नेमका त्याच वेळी गप्प बसतो, नाहीतर भोंग्यातून नुसती घरघर काढतो. मग आधी फ्यूज, नंतर ट्रान्झिस्टर, नंतर कंडेन्सर असा अंदाजाने भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. या यंत्राचे हृदय असलेला ट्रान्झिस्टर मात्र अंदाजाने सापडलेला नाही. एक प्रयोग का चालत नाही, याचा कसून तपास करताना तो हाती लागला. तो तपास करणारे जॉन बार्डीन हे भौतिकशास्त्राचे नोबेल दोनदा मिळवणारे आजवरचे एकमेव शास्त्रज्ञ. खिशातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये त्यांच्या शोधाचे अब्जावधी वंशज असले, तरी त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठावर नसते.

जॉन बार्डीन कोण होते?

जॉन बार्डीन यांचा जन्म २३ मे १९०८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात झाला. वडील चार्ल्स बार्डीन हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता. जॉन अभ्यासात इतके पुढे होते की त्यांना शाळेतल्या काही इयत्ता गाळून वरच्या वर्गात बसवण्यात आले. १९२० मध्ये आई अल्थिया यांचे कर्करोगाने निधन झाले, तेव्हा ते बारा वर्षांचेही नव्हते. १९२३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांनी विद्यापीठात प्रवेश घेतला. १९२८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९२९ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली.

त्यांची पहिली महत्त्वाची नोकरी प्रयोगशाळेतल्या तारा-बल्बांची नव्हती. १९३० ते १९३३ या काळात ते पिट्सबर्ग येथील गल्फ या तेल कंपनीच्या संशोधन विभागात होते. जमिनीखाली तेल कुठे असू शकेल हे चुंबकीय मोजमापांवरून ताडायचे, असे ते काम होते. म्हणजे जमीन न खणता, वरच्या आकड्यांवरून आत काय दडले आहे ते ओळखायचे. पुढे आयुष्यभर त्यांनी केले ते याच जातीचे काम. नोकरी सोडून ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि युजीन विग्नर यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट झाले. घन पदार्थांत इलेक्ट्रॉन कसे वागतात, हा त्यांचा विषय. १९३८ मध्ये जेन मॅक्सवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत होते. युद्ध संपताच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, ते न्यू जर्सीतील बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले.

स्वभावाने ते अतिशय अबोल. इतके हळू बोलायचे की सहकाऱ्यांनी त्यांना कुजबुजणारा जॉन असे टोपणनावच दिले होते. त्याच माणसाच्या शोधाने जगभरच्या भोंग्यांना आवाज दिला.

ट्रान्झिस्टरपूर्वी आवाज मोठा कसा केला जाई?

ॲम्प्लिफायरचे काम एका वाक्यात सांगता येते. माइकमधून येणारा विजेचा क्षीण संकेत घ्यायचा आणि त्याच्या तालावर वीजपुरवठ्यातला मोठा प्रवाह कमी-जास्त करायचा. पाटाच्या दारावर बसलेला माणूस जसा हाताच्या हलक्या हालचालीने भरपूर पाणी सोडतो किंवा अडवतो, तसेच हे आहे.

हे काम पूर्वी व्हॉल्व्ह करत. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तार तापवायची, तिच्यातून इलेक्ट्रॉन निघत आणि मधली जाळी त्यांना आवरत असे. व्हॉल्व्हवर लांब पल्ल्याचे टेलिफोन चालले, रेडिओ चालले, सिनेमाला आवाज मिळाला. पण तो तापायला वेळ घ्यायचा, वीज खायचा, काच फुटायची आणि आतली तार एक दिवस जळायची. देशभर टेलिफोनचे जाळे चालवणाऱ्या कंपनीला हजारो व्हॉल्व्ह सतत बदलत राहणे परवडणारे नव्हते. म्हणून तिच्या बेल लॅबोरेटरीजला काच नाही, पोकळी नाही, तापवायची तार नाही, असा ॲम्प्लिफायर घन पदार्थातून हवा होता. ट्रान्झिस्टरवरच्या ॲम्प्लिफायरला सॉलिड स्टेट म्हणतात ते याच अर्थाने.

पहिला प्रयोग का फसला?

या गटाचे प्रमुख होते विल्यम शॉकली. बुद्धीने तल्लख आणि तेवढेच महत्त्वाकांक्षी. बार्डीन येण्याआधीच, एप्रिल १९४५ मध्ये, त्यांनी एक कल्पना मांडली होती. सिलिकॉनच्या पातळ थराजवळ धातूची पट्टी ठेवायची आणि पट्टीला विजेचा दाब द्यायचा. त्या दाबाने सिलिकॉनमध्ये जास्त इलेक्ट्रॉन ओढले जातील आणि त्यातून वाहणारा प्रवाह वाढेल. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात प्रवाह मोजता येईल इतकाही बदलला नाही.

अशा वेळी दोन वाटा असतात. एक, पट्टी बदलून पाहायची, सिलिकॉनचा तुकडा बदलून पाहायचा, दाब वाढवून पाहायचा. दुसरी, हिशेब आणि प्रत्यक्ष यांच्यात नेमकी तफावत कुठे पडते ते शोधायचे. शॉकली यांनी आपली गणिते तपासायला बार्डीन यांच्याकडे दिली. बार्डीन यांनी ती पडताळली. गणितात चूक नव्हती. म्हणजे दिलेला दाब कुठेतरी अडत होता. तो कुठे, एवढाच प्रश्न उरला.

बार्डीन यांना बिघाड कुठे सापडला?

उत्तर मिळाले मार्च १९४६ मध्ये. बार्डीन यांच्या मते दोष सिलिकॉनच्या आत नव्हता, त्याच्या पृष्ठभागावर होता. आतल्या भागात प्रत्येक अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूंची एक बाजू मात्र उघडी पडते. त्या उघड्या बाजूला इलेक्ट्रॉन अडकून बसतात. बाहेरून विजेचा दाब दिला की ओढले गेलेले इलेक्ट्रॉन तिथेच जिरतात आणि आतल्या भागाला त्या दाबाची खबरही लागत नाही.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे लगेच पटावे. उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर भेगा पडतात. पहिला पाऊस कितीही जोराचा पडला, तरी पाणी त्या भेगांत जिरते. नाल्याला पूर काही येत नाही. नाला कोरडा दिसला म्हणून पाऊसच पडला नाही असे होत नाही. पाणी वाटेत कुठे गेले, हे पाहावे लागते.

हे निदान झाल्यावर गटाने ॲम्प्लिफायर बनवण्याची घाई बाजूला ठेवली आणि दीड-पावणेदोन वर्षे पृष्ठभागाचाच अभ्यास केला. प्रयोगाचे काम होते वॉल्टर ब्राटेन यांच्याकडे. बार्डीन विचार करणारे, ब्राटेन हातांनी जुळवणारे. दोघांचे उत्तम जमले होते. एकाने शंका काढायची, दुसऱ्याने ती टेबलावर तपासायची, असे रोज चाले.

डिसेंबर १९४७ मध्ये काय घडले?

नोव्हेंबर १९४७ मध्ये ब्राटेन यांच्या प्रयोगात उपकरणावर दव साचून मोजमापे बिघडू लागली. त्यावर उपाय शोधताना त्यांनी सिलिकॉन थेट द्रवात बुडवून पाहिले. तेव्हा पृष्ठभागावरची ती अडवणूक बरीचशी निष्प्रभ झाली. बिघाडाची जागा बरोबर ओळखली गेल्याचा हा पुरावा होता. बार्डीन यांनी लगेच नवी मांडणी सुचवली. द्रवाच्या थेंबाने संकेत वाढू लागला, पण अगदी संथ कंपनांपुरताच. माणसाच्या आवाजाची कंपने त्यातून जाईनात. मग द्रव गेला, सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम आले.

शेवटची जुळणी साधी होती. प्लास्टिकचा एक त्रिकोणी तुकडा घेऊन त्याच्या कडेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवला. टोकाशी तो वर्ख ब्लेडने चिरला, म्हणजे सोन्याची दोन टोके तयार झाली. त्यांच्यातले अंतर मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतके. हा तुकडा स्प्रिंगने जर्मेनियमवर दाबून धरला. १६ डिसेंबर १९४७ रोजी एका टोकाला दिलेला संकेत दुसऱ्या टोकाशी वाढून बाहेर आला. त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर बार्डीन यांनी स्वयंपाकात गुंतलेल्या पत्नीला आज काहीतरी महत्त्वाचे सापडले, एवढेच सांगितले.

२३ डिसेंबरला प्रयोगशाळेच्या वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक झाले. माइकवर बोललेला आवाज या जुळणीतून जाऊन कानाला मोठा ऐकू आला. संकेताची शक्ती सुमारे १८ पट वाढली होती. जगातला पहिला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर तो हाच. ३० जून १९४८ रोजी शोध जाहीर झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. योगायोग असा की त्यानंतर काही दिवसांतच, जुलै १९४८ मध्ये, नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. त्या केंद्राचा आवाज ऐकायला घरी व्हॉल्व्हचाच रेडिओ लागे.

श्रेयावरून वाद का झाला?

शोध लागला आणि गटात फट पडली. ज्या जुळणीने काम केले ती बार्डीन आणि ब्राटेन यांची होती. मूळ कल्पना आपली असल्याने पेटंट आपल्या नावे असावे, असे शॉकली यांना वाटत होते. पण त्यांच्या कल्पनेशी मिळतेजुळते पेटंट ज्युलियस लिलिएनफेल्ड यांनी आधीच घेतलेले निघाले. त्यामुळे कंपनीच्या वकिलांनी बार्डीन आणि ब्राटेन यांच्याच नावे अर्ज केला. ते पेटंट ऑक्टोबर १९५० मध्ये मंजूर झाले.

दुखावलेल्या शॉकली यांनी सहकाऱ्यांना न सांगता काम सुरू केले आणि जानेवारी १९४८ मध्ये थर जोडून बनणाऱ्या जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. टोके दाबून धरण्यापेक्षा ती फार भक्कम होती. नंतरच्या ॲम्प्लिफायरमधले ट्रान्झिस्टर त्याच वंशाचे आहेत, हे श्रेय शॉकली यांचेच. मात्र यापुढच्या कामात त्यांनी बार्डीन आणि ब्राटेन यांना जवळ केले नाही. कंपनीच्या प्रसिद्ध छायाचित्रात ब्राटेन यांच्या टेबलापाशी उपकरणासमोर बसलेले दिसतात ते शॉकली. प्रत्यक्ष काम केलेले दोघे मागे उभे आहेत.

बार्डीन यांनी आरडाओरडा केला नाही. इथे काम करणे शक्य नाही, हे ओळखून त्यांनी १९५१ मध्ये बेल लॅबोरेटरीज सोडली आणि ते इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक झाले. पुढची चाळीस वर्षे त्यांनी तिथेच घालवली.

दुसरे नोबेल कशासाठी मिळाले?

१ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी बार्डीन नाश्त्यासाठी अंडी परतत होते. रेडिओवर बातमी लागली की ट्रान्झिस्टरसाठी शॉकली, बार्डीन आणि ब्राटेन यांना नोबेल जाहीर झाले आहे. त्यांच्या हातून तवा खाली पडला. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला जाताना त्यांनी तीन मुलांपैकी एकालाच नेले होते. राजाने त्याबद्दल विचारले, तेव्हा पुढच्या वेळी सगळ्यांना आणीन, असे आश्वासन त्यांनी दिले. तेव्हा ती गंमत वाटली असणार.

तोवर ते दुसऱ्या कोड्याच्या मागे लागले होते. काही धातू अतिशय थंड केले की त्यांचा विजेला होणारा विरोध पूर्ण नाहीसा होतो. हा अतिवाहकतेचा गुणधर्म १९११ पासून माहीत होता, कारण कोणाला सांगता येत नव्हते. १९५७ मध्ये बार्डीन यांनी लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या तरुण सहकाऱ्यांसह त्याचा सिद्धांत मांडला. १९७२ मध्ये त्यासाठी तिघांना नोबेल मिळाले. या वेळी बार्डीन तिन्ही मुलांना घेऊन गेले.

याच १९७२ च्या बातमीच्या दिवसाचा एक किस्सा त्यांच्या चरित्रात येतो. पत्रकार परिषदेला निघायचे, तर गॅरेजचे स्वयंचलित दार उघडेना. त्या दाराच्या यंत्रणेत ट्रान्झिस्टर होते. ज्यांनी ट्रान्झिस्टर शोधला, त्यांचीही गाडी त्याने अडवली! ३० जानेवारी १९९१ रोजी बोस्टन येथे, वयाच्या ८२ व्या वर्षी, बार्डीन यांचे निधन झाले.

हा शोध वऱ्हाडापर्यंत कसा पोचला?

१० डिसेंबर १९५६ रोजी बार्डीन यांनी पहिले नोबेल स्वीकारले. त्यानंतर दहाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे संत गाडगेबाबांचे निधन झाले. कीर्तन आणि भजन हीच इथली लोकशिक्षणाची मोठी साधने. गाडगेबाबांचे कीर्तन असो की मोझरीच्या तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन, हजारोंच्या समुदायापर्यंत शब्द पोचवणे हे या मुलुखाचे जुने काम आहे. ट्रान्झिस्टर आल्यावर त्याला हलके आणि स्वस्त साधन मिळाले.

भारतात बंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक भाग बनवायला सुरुवात केली. हळूहळू एसी १२८, एसी १८७ आणि १८८ हे जर्मेनियमचे, तर नंतर बीसी १४८ आणि २एन३०५५ हे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर दुरुस्तीवाल्यांच्या रोजच्या बोलण्यात आले. वीज नसलेल्या गावातही बॅटरीवर भोंगा वाजू लागला. व्हॉल्व्हला हे जड जात असे.

अकोल्याच्या उन्हाचा ॲम्प्लिफायरवर काय परिणाम होतो?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जाणे नवे नाही. जुन्या ॲम्प्लिफायरसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या आतले तापमान साधारण ७५ ते १०० अंशांच्या पुढे गेले की तो टिकत नाही. सिलिकॉनची मर्यादा १५० ते २०० अंशांपर्यंत असते. भोवतालची हवाच ४५ अंश असेल, तर जर्मेनियमला तापायला फार थोडी जागा उरते.

त्यात एक दुष्टचक्र असते. ट्रान्झिस्टर तापला की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो. जर्मेनियममध्ये दर १० अंशांना तो साधारण दुप्पट होतो. प्रवाह वाढला की तो आणखी तापतो, तापला की आणखी प्रवाह. शेवटी तो जळतो. पृष्ठभागावरचा ओलावाही ही गळती वाढवतो. बार्डीन यांनी दाखवलेले पृष्ठभागाचे महत्त्व इथे पुन्हा दिसते. ट्रान्झिस्टर धातूच्या डबीत हवाबंद करण्याचे एक मोठे कारण तेच आहे.

दुसरा बळी इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आत ओलसर रसायन असते. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकते. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या गोदामात वीस-तीस उन्हाळे काढलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये पहिला संशय कंडेन्सरवर घ्यायचा तो यामुळेच.

तपास कुठून सुरू करावा?

झाकण न उघडताही बरेच कळते. घरघर येत असेल तर व्हॉल्यूम पूर्ण बंद करून पाहावे. तरीही घरघर तेवढीच राहिली, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा शेवटच्या टप्प्यात असण्याची शक्यता जास्त, आणि पुरवठ्याचा मोठा कंडेन्सर सुकलेला असू शकतो. व्हॉल्यूमबरोबर घरघर कमी-जास्त झाली, तर दोष त्याच्या आधी, म्हणजे माइक, वायर किंवा पहिल्या टप्प्यात. नॉब फिरवतानाच खरखर होत असेल, तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर बहुधा धूळ बसलेली आहे. अशा दोषाला ट्रान्झिस्टर बदलून उपयोग नाही. एका नॉबने अर्धा ॲम्प्लिफायर संशयातून मोकळा होतो.

झाकण उघडण्याचे काम जाणकारानेच करावे. आत २३० व्होल्टचा पुरवठा असतो आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार साठलेला राहतो. तो योग्य रोधकातून उतरवून, मीटरने खात्री करूनच हात घालावा. पुढचा क्रम असा :

१. डोळे आणि नाक. जळका वास, काळा पडलेला रोधक, फुगलेला कंडेन्सर, सुटलेला डाग, उंदराने कुरतडलेली वायर. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार लावणे म्हणजे आतला जिवंत भागही जाळणे.

२. सिरीज बोर्ड. पुरवठ्याच्या वाटेत जुना तारेचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब एकसरीत जोडतात. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तर बहुधा शॉर्ट नाही. तो भगभगीत पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. बल्ब प्रवाह अडवून बाकीचे भाग वाचवतो. एलईडी बल्ब इथे चालत नाही.

३. पुरवठ्याचे व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरपासून सुरुवात करून पुढे मोजत जावे. पायाच ढासळलेला असेल तर वरच्या मजल्याची तपासणी व्यर्थ.

४. स्पीकर काढून आउटपुटवरचे डीसी व्होल्ट. अधिक आणि उणे असा दुहेरी पुरवठा असलेल्या, स्पीकर थेट जोडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये ते शून्याजवळ, साधारण १०० मिलिव्होल्टच्या आत हवेत. तिथे कित्येक व्होल्ट दिसले, तर स्पीकर जोडताच त्याची कॉइल जळेल. स्पीकरच्या आधी मोठा कंडेन्सर असलेल्या जुन्या रचनेत, त्या कंडेन्सरच्या आतल्या बाजूला पुरवठ्याच्या साधारण निम्मे व्होल्ट हवेत. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असलेल्या भोंग्याच्या ॲम्प्लिफायरला ही चाचणी लागू होत नाही.

५. संकेताचा माग. मोबाइलवरचे गाणे अगदी कमी आवाजात, कंडेन्सरमधून, मधल्या टप्प्याला द्यावे. आवाज आला तर दोष आधीच्या अर्ध्यात, नाही आला तर पुढच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. तीन-चार वेळा असे केले की दोष एकाच टप्प्यात कोंडला जातो.

६. ट्रान्झिस्टर सर्वांत शेवटी. मीटरच्या डायोड चाचणीत चांगल्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरच्या दोन्ही जोडांवर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास आणि जर्मेनियमवर ०.२ ते ०.३ च्या आसपास आकडा दिसतो. शून्य म्हणजे शॉर्ट.

अंदाजाने भाग बदलणे महाग का पडते?

व्हॉल्व्हच्या काळात जुना व्हॉल्व्ह उपटून नवा खोचला की बरेचदा काम होत असे. ती सवय ट्रान्झिस्टरच्या यंत्राला लागू पडत नाही. यात बहुतेक टप्पे एकमेकांना थेट जोडलेले असतात. शिवाय आउटपुटचा थोडा हिस्सा पुन्हा सुरुवातीच्या टप्प्याकडे फिरवलेला असतो. त्यामुळे एका ठिकाणचा दोष सगळ्या वर्तुळात उमटतो आणि निर्दोष भागावरही चुकीचे व्होल्ट दिसतात.

नेहमीचे उदाहरण म्हणजे आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळणे. नवी जोडी टाकली, चालू केले, तीही गेली. कारण त्यांना तापण्यापासून आवरणारा बायसचा भाग किंवा आधीचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर बिघडलेला होता. कधी हीट सिंकमधला अभ्रकाचा पापुद्रा फाटलेला असतो, कधी उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकलेली असते. कधी नवा ट्रान्झिस्टरच नकली निघतो. २एन३०५५ च्या नावाने नकली माल बाजारात येतो, हे दुरुस्तीवाल्यांना ठाऊक आहे. जळलेला भाग हा बळी असतो. गुन्हेगार बरेचदा शेजारी बसलेला असतो.

शॉकली यांच्या न चाललेल्या प्रयोगापाशी बार्डीन यांनी सिलिकॉनचा तुकडा बदलत बसण्यात वेळ घालवला असता, तर प्रत्येक नव्या तुकड्याचा पृष्ठभाग तसाच अडवत राहिला असता. आकडा काय यायला हवा होता, प्रत्यक्षात काय आला आणि मधले कुठे जिरले, या तीन प्रश्नांनी काम झाले. दुरुस्तीच्या टेबलावरही तेच तीन प्रश्न पुरतात.

दुरुस्त करावा की भंगारात द्यावा?

हा निर्णय ट्रान्सफॉर्मरवरून करणे सोपे जाते. जुन्या ॲम्प्लिफायरमधला सर्वांत जड आणि बदलायला महाग भाग तोच. तो चांगला असेल, पेटी गंजून सडलेली नसेल आणि छापील पट्टीवरचे तांब्याचे रस्ते शाबूत असतील, तर दुरुस्ती सहसा परवडते. कंडेन्सर, रोधक आणि सिलिकॉन ट्रान्झिस्टर आजही मिळतात. रचना मोकळी असल्याने प्रत्येक भाग हाताने काढता-लावता येतो. आजच्या अनेक स्वस्त यंत्रांत सगळे एका चिपमध्ये असते. ती गेली आणि मिळाली नाही, की संपले.

ट्रान्सफॉर्मर जळला असेल किंवा जर्मेनियमचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले असतील, तर हिशेब बदलतो. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन तसेच बसवता येत नाही, कारण त्यांना चालू व्हायला लागणारे व्होल्ट वेगळे असतात आणि बायसची रचना बदलावी लागते. असा ॲम्प्लिफायर मंडळाला रोजच्या वापरासाठी हवा असेल, तर नवा घेणे शहाणपणाचे. दुरुस्त झालेला जुना ॲम्प्लिफायरही सणाच्या आदल्या रात्री नव्हे, पंधरा दिवस आधी दोन-तीन तास सलग वाजवून पाहावा. उन्हाळ्याच्या दुपारी त्याची हवा येण्याची जाळी मोकळी ठेवावी आणि त्यावर शाल, हार किंवा पोथी ठेवू नये. जे भाग उष्णतेने मरतात, ते त्याने नक्कीच जास्त दिवस जगतात.